पडकं उभं करावं की पडकंच जपावं? व्हिओले-ल-द्यूकची गोष्ट

पडवी

रायगडाच्या धाग्यावर ‘राजसदर पुन्हा बांधा’ आणि ‘एक दगड हलवाल तर याद राखा’ अशी जी जुंपली होती, ते भांडण पावणेदोनशे वर्षं जुनं आहे. ज्या माणसामुळे ते खऱ्या अर्थाने पेटलं त्याच्याबद्दल लिहितो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

युजेन व्हिओले-ल-द्यूक, फ्रेंच वास्तुविशारद. जन्म २७ जानेवारी १८१४, पॅरिस. वडील राजवाड्यांच्या देखभालीच्या खात्यात अधिकारी, मामा देलेक्ल्यूझ चित्रकार आणि कलासमीक्षक. घरात लेखक-चित्रकारांची कायम उठबस. १८३०च्या जुलै क्रांतीत हे सोळा वर्षांचं पोर रस्त्यावर अडथळे रचायला धावलं होतं. वास्तुकला शिकायची तर एकोल दे बोझार् या पॅरिसच्या कलाशाळेत नाव घालायचं हा तेव्हाचा शिरस्ता. तिथे सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात म्हणत हा गेलाच नाही. फ्रान्सभर आणि मग इटलीत हिंडला, जे दिसेल ते रेखाटत राहिला.

तेव्हाचा फ्रान्स डोळ्यांसमोर आणा. १७८९च्या क्रांतीनंतर मठ-चर्चं लिलावात गेलेली. क्लूनीचा एवढा मोठा मठ, तर त्याची चक्क दगडाची खाण झाली. लोक गाड्या भरभरून दगड नेत होते. मध्ययुगातली टोकदार कमानींची गॉथिक शैली म्हणजे रानटी, ही शिकल्यासवरल्यांची समजूत. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगोची पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चवरची कादंबरी आली आणि लोकांच्या नजरेत फरक पडायला लागला. सरकारने ऐतिहासिक वास्तूंसाठी महानिरीक्षकाचं पद काढलं होतं, त्यावर १८३४ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे आला. तोच, ‘कार्मेन’ लिहिणारा. साहित्यिकाला सरकारी पद दिलं की काय होतं हे आपण जाणतो, पण या पठ्ठ्याने खरोखर गावोगाव फिरून अहवाल लिहिले.

व्हेझलेच्या चर्चमध्ये चित्र काढत बसलो असताना आजूबाजूला छतातले बारीक दगड सुटून पडल्याचे आवाज येत होते, असं मेरिमेने लिहून ठेवलंय. ही मरायला टेकलेली इमारत त्याने १८४० मध्ये सव्वीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या व्हिओलेच्या हाती दिली. व्हिओलेने आधी टेकू लावले, मग छताच्या जड कमानी उतरवून हलक्या बांधल्या, बाहेरून भिंतींना रेटा देणाऱ्या कमानी नव्याने उभ्या केल्या. काम १८५९पर्यंत चाललं. व्हेझले आज जागतिक वारसा यादीत आहे.

मग नोत्र-दाम. १८४४ मध्ये लास्युस आणि व्हिओले या जोडीला काम मिळालं. १८५७ मध्ये लास्युस वारला आणि पुढचं व्हिओलेने एकट्याने रेटलं. दर्शनी भागावर राजांच्या २८ पुतळ्यांची रांग होती. क्रांतिकारकांनी ते फ्रान्सचे राजे समजून त्यांची मुंडकी उडवली होती. होते ते बायबलमधले यहुदाचे राजे! व्हिओलेने सगळे पुन्हा घडवून घेतले. (मूळ मुंडक्यांपैकी २१ पुढे १९७७ साली पॅरिसमध्येच खोदकामात सापडली.) जुना मनोरा अठराव्या शतकाच्या शेवटी धोकादायक म्हणून उतरवला होता, त्या जागी १८५९ मध्ये नवा उभा राहिला. ओकचं लाकूड, वरून शिशाचे पत्रे, जमिनीपासून ९६ मीटर. जुन्याहून उंच आणि जुन्याहून नटवा. बुरुजांच्या कठड्यावर हनुवटी हातावर टेकून पॅरिसकडे बघणारे ते शिंगवाले राक्षस तर त्याचीच कल्पना. जगभरचे पर्यटक त्यांचे फोटो ‘मध्ययुगीन’ म्हणून काढतात.

आता मुद्द्याचं. त्याने १८५४ ते १८६८ या काळात मध्ययुगीन फ्रेंच वास्तुकलेचा १० खंडांचा कोश लिहिला. बहुतेक चित्रं स्वतः काढली. त्याच्या आठव्या खंडात ‘जीर्णोद्धार’ या नोंदीत त्याचं कुप्रसिद्ध वाक्य आहे. त्याचा आशय असा: जीर्णोद्धार म्हणजे जपणूक किंवा डागडुजी नव्हे, इमारत अशा पूर्ण अवस्थेत आणणं, जी अवस्था कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वातच नव्हती. टीकाकार दीडशे वर्षं हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात घालताहेत.

पण त्याच नोंदीत पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती कोणी उद्धृत करत नाही. कामाला हात लावण्याआधी इमारतीचा प्रत्येक भाग कोणत्या काळातला हे निश्चित करा आणि त्याचा लेखी, मोजमापांच्या चित्रांसहित पंचनामा करा. तो स्वतः हे करायचा. माझ्या मते या माणसाच्या चुका आपण आज पकडू शकतो त्या केवळ त्याच्याच कागदपत्रांमुळे. खोटारडा असता तर हे सगळं जाळून मोकळा झाला असता.

मतं येऊ द्या.

---

टकमक

जबरदस्त लेख. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मी त्या रायगडाच्या धाग्यावर ‘बांधा’वाल्यांत होतो आणि अजूनही आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, वाडे जळाले, आणि आपण दोनशे वर्षं जोती बघत फिरतोय. शाळेची पोरं येतात, गाईड सांगतो ‘इथे सात राण्यांचे महाल होते’, पोरं उन्हात डोळे बारीक करून दगड बघतात आणि ताकाच्या शोधात निघून जातात. फ्रान्सने बांधलं, आपण का नाही?

---

शंकासुर

कारण फ्रान्सने जे बांधलं त्यात जुनं कुठलं नि नवं कुठलं, हे आता कोणाला उलगडता येत नाही.

पडवी, लेख चांगला आहे पण आरोपीला वकील फार चांगला मिळालाय. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्येच लिहून ठेवलं होतं की जीर्णोद्धार हा इमारतीचा सर्वांत संपूर्ण विनाश असतो, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ते खोटंच असतं. कारागीर मेला, त्याचा हात गेला, आता त्याच्या नावावर दुसऱ्याने सही करायची? इंग्रज कवी-कलावंत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच रागातून. निमित्त होतं ट्यूक्सबरीच्या चर्चचं, आणि तिथे हात घालणारा होता वास्तुविशारद सर गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकरांनी ओळखला असेल. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह त्याचंच. मुंबईत पाऊल न ठेवता केलेलं काम.

व्हिओलेचा पिएरफोंचा किल्ला बघा. पडका होता, बादशहा तिसऱ्या नेपोलियनने पैसे दिले, याने १८५७नंतर परीकथेतला किल्ला उभा केला. आता तिथे मालिकांचं चित्रीकरण होतं. तुलूझच्या सें-सेर्नँ चर्चचं तर याने केलेलं काम विसाव्या शतकात सरकारी खर्चाने काढून टाकलं. जीर्णोद्धाराचा जीर्णोद्धार!

---

पडवी

शंकासुर, सें-सेर्नँचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं की. काढून टाकता आलं, कारण आधी काय होतं आणि याने काय घातलं याची चित्रं होती.

पिएरफोंबद्दल मात्र पूर्ण सहमत. तिथे बादशहाला मनासारखा महाल हवा होता, याला कल्पनेचे घोडे दौडवायला मैदान. त्याला वारसा जतन म्हणू नये.

---

बेलफळ

स्थापत्य अभियंता, चुन्यातली कामं करतो. थोडं जमिनीवरचं बोलतो.

लोक ‘मूळ रूप’ म्हणतात तेव्हा आकाराबद्दल बोलतात. इमारतीला मारतं ते साहित्य. आपल्याकडचा तट म्हणजे बाहेरून घडीव काळा दगड, आत भर, सांध्यात चुना. चुन्याचा सांधा पाणी पितो आणि सोडतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून झीज होते ती सांध्याची, आणि सांधा पुन्हा भरता येतो. तिथे सिमेंट घातलं की पाणी आत कोंडतं, क्षार फुलतात, भर फुगते आणि एका पावसाळ्यात तट पोट काढतो. मग म्हणायचं, जुनं बांधकाम कच्चं होतं.

चुना नुसता आणून कालवला असं होत नाही. कळीचा चुना विरवायचा, मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी ज्या त्या भागाच्या रिवाजाप्रमाणे. वरून ओलं गोणपाट टाकून दिवसचे दिवस भिजत ठेवायचं. निविदेत मुदत मात्र ‘३१ मार्चपूर्वी’.

पंचनाम्याच्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर. एका किल्ल्यावर (नाव नको) पडलेल्या बुरुजाचं काम मिळालं होतं. आधीच्या डागडुजीचे फोटो, मोजमापं मागितली. उत्तर आलं, ती आधीच्या ठेकेदाराकडे असतील. त्याच्याकडे गेलो तर म्हणे, ऑफिसला जमा केली. त्या बुरुजाचा कुठला थर शिवकाळातला आणि कुठला मागच्या दहा वर्षांतला, हे मला दगडावरच्या छिन्नीच्या खुणा बघून ठरवावं लागलं. नोत्र-दामच्या कामावर त्या काळी रोजनिशी ठेवत होते, आणि आपल्याकडे वही ठेकेदाराबरोबर घरी जाते.

---

माजघर

मला वेगळंच विचारायचंय. व्हिओलेने मुलांसाठी पुस्तकं लिहिली होती ना? घराची गोष्ट, किल्ल्याची गोष्ट वगैरे? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

---

पडवी

हो माजघर, बरं झालं आठवण काढलीत. १८७३ मध्ये घराची गोष्ट आली. त्यात एक मुलगा आपल्या बहिणीसाठी घर बांधायला निघतो आणि जागा निवडण्यापासून सगळं शिकतो. पुढच्या वर्षी किल्ल्याची: एक काल्पनिक गाव, त्यावर वेगवेगळ्या शतकांत पडलेले वेढे, आणि प्रत्येक वेढ्यानंतर बदलत गेलेली तटबंदी. आपल्याकडे कोणी पन्हाळ्यावर असं लिहायला हवं. भोजराजापासून मराठ्यांपर्यंत, तीन दरवाज्यासकट.

पन्नाशी उलटल्यावर हा गृहस्थ मों ब्लांच्या डोंगररांगेचा नकाशा करत आल्प्समध्ये चढत होता. एकदा हिमनदीच्या भेगेत पडून मरता मरता वाचला. डोंगर म्हणजेही एक पडलेली इमारत, मूळ आकार शोधून काढू, असा त्याचा खाक्या. आणि अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा! शिल्पकार बार्तोल्दीने आतल्या रचनेसाठी आधी यालाच धरलं होतं. १७ सप्टेंबर १८७९ रोजी व्हिओले लोझानला वारला, म्हणून ते काम आयफेलकडे गेलं आणि सांगाडा लोखंडाचा झाला.

ज्या बोझार्मध्ये तो शिकायला गेला नाही तिथे १८६४ मध्ये शिकवायला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनी हुर्यो करून त्याला पळवून लावलं. पण त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने छापून आली आणि फ्रँक लॉइड राइटपासून गौदीपर्यंत सगळ्या वास्तुविशारदांनी त्याला वाचलं. लोखंडात नवी इमारत कशी विचारपूर्वक बांधावी हे त्यात आहे. म्हणजे जुन्यात रमणारा म्हातारा वगैरे तो नव्हताच.

---

अटकेपार

नोकरीमुळे दक्षिण फ्रान्समध्ये राहते. इथल्या कार्कासोन या किल्लेबंद गावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

दुहेरी तट, मिळून सुमारे ३ किलोमीटर, ५२ बुरूज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लष्कराला तो नकोसा झाला होता, दगड विकले जात होते. क्रो-मेरव्हिएय नावाच्या स्थानिक माणसाने ओरडा करून तो वाचवला. श्रेय व्हिओलेला मिळतं, पण सुरुवात गावातून झाली. १८५३ पासून व्हिओलेने काम घेतलं आणि बुरुजांवर पाटीच्या दगडाची उंच टोकदार छपरं चढवली. आमच्याकडे दक्षिणेत छपरं उतरती पण बुटकी, लाल कौलांची. पाटीचा दगड उत्तरेकडचा. काही बुरुजांवरची छपरं नंतर बदलून कौलं घातली गेली, बाकीची तशीच आहेत. गंमत म्हणजे आता लोकांना तीच टोकदार छपरं आवडतात, पोस्टकार्डावर तीच असतात.

पण मला खटकतं ते दुसरंच. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात गरीब विणकरांची घरं होती, तटाला पाठ लावून बांधलेली. जीर्णोद्धारात ती सगळी पाडली. नकाशात ती ‘अतिक्रमण’. किल्ला मध्ययुगीन दिसावा म्हणून त्यात खरोखर राहणाऱ्या माणसांना बाहेर काढलं. पन्हाळ्यावर आजही वस्ती आहे. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा आनंद झालाच, पण मनात पहिल्यांदा त्या विणकरांची घरं आली.

---

टकमक

अटकेपार, हा मुद्दा लागला. जिंजी धरून बारा ना? अकरा महाराष्ट्रातले.

---

अटकेपार

हो, जिंजी तमिळनाडूत.

---

जांभ्या

पणजीहून.

तुमच्या भांडणात आमच्या बोम जेझूला पण बसवा. जुन्या गोव्याची ही बॅसिलिका बांधली १५९४ ते १६०५, जांभ्या दगडात. बाहेरून चुन्याचा गिलावा, जसा गोव्यातल्या सगळ्या चर्चांना असतो. जांभा म्हणजे भोकं भोकं असलेला, पाणी पिणारा दगड. त्याला गिलावा हवाच. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारचा एक वास्तुतज्ज्ञ आला, बाल्ताझार द कास्त्रो, त्याने गिलावा काढून टाकला. का? दगड उघडा दिसला की इमारत जुनी आणि भव्य वाटते म्हणून! पोर्तुगालमध्ये तेव्हा हेच खूळ चालू होतं. तेव्हापासून चार महिन्यांचा पाऊस थेट दगडावर. दगड झिजतोय.

आणि आता मजा ऐका. पुन्हा गिलावा करा म्हटलं तर आमचेच लोक विरोध करतात. म्हणे बोम जेझू तांबडीच असते, आम्ही लहानपणापासून तशीच बघितली. फोटो तसे, शाळेच्या पुस्तकात चित्र तसं. पाऊणशे वर्षांपूर्वीची चूक हेच आता ‘मूळ रूप’ झालंय.

---

शंकासुर

जांभ्या, याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. रस्किनला कळवायला हवं.

---

बेलफळ

जांभ्या +१. जांभा उघडा ठेवायचाच असेल तर निदान निवडलेला, घट्ट दगड लागतो. गिलाव्याखाली घालायला घेतलेला चिरा उघडा पाडणं म्हणजे त्याला मारणंच.

---

माजघर

एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द तर पुण्यकर्मासाठी वापरतात. अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथ, घृष्णेश्वर बांधले तेव्हा कोणी म्हटलं नाही की पडकं राहू दे म्हणून. हा ‘हात लावू नका’ विचार आपला आहे का?

---

पडवी

बाळबोध अजिबात नाही, धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. अहिल्याबाईंना देवाची पूजा चालू ठेवायची होती. भिंत हे साधन होतं. ती नवी झाली तर बिघडलं काय? व्हिओलेचंही असंच काहीसं मत होतं. इमारत टिकवायचा उत्तम उपाय म्हणजे तिला काही काम देणं, असं तो त्याच नोंदीत म्हणतो. चालत्या देवळाला, राहत्या वाड्याला माझी फुटपट्टी वेगळी.

रायगडाची राजसदर मात्र कोणी वापरणार नाही. ती आपण बांधणार ती बघण्यासाठी. म्हणजे तिचं कामच मुळी ‘हे असं होतं’ हे सांगणं. आणि तिथेच अडतं, कारण जोती दगडाची होती ती उरली, वरचं लाकूडकाम जळालं. राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रजांच्या वकिलाने, हेन्री ऑक्झेंडनने, सोहळा टिपलाय, सिंहासन आणि दरबार टिपलाय. पण खांब किती उंच, छपराला ढाळ किती, यावर घर बांधता येणार नाही. वारसा जतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत लिहिलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ती ओळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा व्हिओलेच असणार.

---

टकमक

मग १५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दाम जळाल्यावर तोच मनोरा परत का बांधला? तो तर अंदाजच होता!

---

अटकेपार

टकमक, तो व्हिओलेचा अंदाज होता, पण पुन्हा बांधणाऱ्यांना अंदाज करावा लागला नाही. आगीनंतर काचेचा मनोरा, वर बाग, असल्या कल्पना आल्या होत्या. २०२० च्या जुलैत ठरलं की होता तसाच. मुख्य वास्तुविशारद फिलिप व्हिलनव्ह यांच्या हाताशी व्हिओलेची रेखाचित्रं होती. ओकचे सुमारे दोन हजार वृक्ष लागले, मनोरा आणि छत धरून. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं.

एक दैवयोग. मनोऱ्याच्या पायथ्याशी बारा प्रेषितांचे तांब्याचे पुतळे होते. ते दुरुस्तीसाठी ११ एप्रिलला, म्हणजे आगीच्या चारच दिवस आधी खाली उतरवले होते. त्यातला सेंट थॉमस, वास्तुविशारदांचा आश्रयदाता संत, त्याला व्हिओलेने स्वतःचा चेहरा दिलाय. बाकीचे अकरा शहराकडे बघतात, हा एकटा मान वर करून मनोऱ्याकडे. काय हा माज!

आणि आता नवं भांडण: व्हिओलेच्या काळातल्या काही खिडक्या काढून आजच्या चित्रकर्तीच्या खिडक्या बसवायचं ठरलंय. त्या खिडक्या वाचवा म्हणून लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्यात. ज्याला दीडशे वर्षं खोटारडा म्हटलं, त्याचीच कामं आता वारसा.

---

शंकासुर

सह्या करणाऱ्यांत मीही असतो, हे नाइलाजाने कबूल करतो. जे १८५० चं आहे ते १८५० चं म्हणून जपा. माझा विरोध त्याला तेराव्या शतकाचं लेबल लावायला आहे.

टकमक, राजसदर बांधायचीच हौस असेल तर गडाखाली पाचाडच्या मोकळ्या जागेत बांधा. खाली पाटी लावा: ‘हा आमचा अंदाज आहे’. मी पहिली देणगी देतो.

---

टकमक

पाचाडला बांधली तर पोरं वर चढणारच नाहीत राव. :)

पण चला, तूर्त बांधकाम बाजूला. आम्ही दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर असतोच. पंचनाम्यात आमच्यासारख्यांचा काही उपयोग आहे का? बेलफळ, सांगा.

---

बेलफळ

आहे, भरपूर. एकच जागा दरवर्षी त्याच ठिकाणी उभं राहून, पावसाळ्याआधी आणि नंतर टिपा. चौकटीत मोजपट्टी किंवा निदान काठी असू द्या, नुसता सूर्यास्त नको. तटातून झाड उगवलं असेल तर मुळाची जाडी लिहा. पोट सुटलं असेल तर ओळंबा सोडून वर-खाली किती फरक आहे ते लिहा. नवा सिमेंटचा थर दिसला तर तारखेसकट फोटो. दिशा लिहायची राहते नेहमी, ती लिहा.

दोन गोष्टी करू नका. दगडावर खडूने, रंगाने आकडे घालू नका. आणि झाड दिसलं की कोयता चालवू नका. मुळं आत राहतात, ती कुजली की पोकळी होते आणि वरचा दगड सुटतो. संरक्षित किल्ल्यावर तर परवानगीशिवाय काहीच हलवायचं नाही, गुन्हा आहे तो.

सगळं एका ठिकाणी साठवायची सोय मात्र तुम्हीच करा. खात्याला प्रत द्या, मूळ आपल्याकडे ठेवा. कुठल्या गडापासून सुरू करताय ते इथेच टाका, मी मोजमापांचा तक्ता देतो.

---

टकमक

लोहगड. विंचूकाट्याच्या माचीकडची बाजू. तक्ता टाका.